औंढ्याच्या भिंतीवर आजीला शोधताना

प्रवासवर्णन लिहावं इतका मोठा प्रवास मी केलेला नाही, हे आधीच सांगते. पुण्याहून परभणीपर्यंत रेल्वे, तिथून एसटीने औंढा नागनाथ आणि तिथून आमचा तांडा, एवढाच. तोही चार दिवसांचा. पण परत आल्यावर वर्गात ज्यांनी फोटो पाहिले, त्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. इतक्या जुन्या देवळात गेलीस आणि कळस सोडून या नाक फुटलेल्या दगडी बायांचेच फोटो का काढलेस? तोंडी सांगायला गेले की मी अडखळते, म्हणून लिहून काढते आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा पुण्यात गवंडीकाम करतात. तिसऱ्या वर्षाला मी छायाचित्रण हा विषय घेतला, तेव्हा त्यांना वाटलं होतं की लग्नाचे फोटो काढायला शिकवतात. यंदा सरांनी 'आपलं मूळ' असा विषय दिला आणि कॉलेजचा कॅमेरा आठवड्यासाठी घरी नेऊ दिला. मी म्हटलं, औंढ्याला जाते, आपल्या तांड्यावर. बाबा नळाखाली थापी धूत होते. थापी स्वच्छ झाली तरी ते धूतच राहिले.

"तिकडं कुणाकडं माझ्या आईचा फोटो असला तर बघ," ते म्हणाले. "मला तिचं तोंड आठवत न्हाई."

जमनाआजी गेली तेव्हा बाबा चार वर्षांचे होते. पुढे आजोबा त्यांना घेऊन ऊसतोडीला गेले आणि तिथून पुण्यात आले. आजोबांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बाबा माझ्याकडे कधी काही मागत नाहीत. त्यामुळे सरांनी मागितलेले आठ फोटो एका बाजूला राहिले, आणि मी निघाले ती हा एक फोटो आणायला.

औंढा

दसरा नुकताच झाला होता. परभणीहून निघालेली एसटी हट्ट्याला थांबली, जवळा बाजारला थांबली. तिथे बाजाराचा दिवस होता. सोयाबीनची पोती, मिरच्यांचे ढीग दिसत होते, आणि पाय बांधलेली कोंबडी मांडीवर घेऊन एक आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. औंढा येईपर्यंत ती कोंबडी माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चोची मारत होती. मला आजोबांचा फोटो काढायचा होता, पण विचारायचा धीर झाला नाही. ते उतरून गेल्यावर वाटलं, विचारायला हवं होतं. सर म्हणतात तुझा हाच दोष आहे.

देऊळ मी फक्त दिनदर्शिकेवर पाहिलेलं होतं. प्रत्यक्षात आधी दिसतो तो वरचा पांढरा कळस, आणि त्याखाली काळ्या दगडाचं, खूप खूप जुनं अंग. देवाचं दर्शन घ्यायला जमिनीखाली उतरावं लागतं. अरुंद पायऱ्या, डोकं वाचवत, एका वेळी थोडीच माणसं. आत कॅमेरा काढायचा नाही असं बाहेरच सांगितलं, त्यामुळे आत मला बरंच वाटलं. नुसतं बघायचं होतं. नंदी मात्र देवासमोर नाही, मागे आहे. एका संताला पुढे कीर्तन करू दिलं नाही, तो मागे जाऊन गायला लागला, आणि सगळं देऊळच त्याच्याकडे तोंड करून फिरलं, ही इथली गोष्ट. नंदी तेवढा जागच्या जागी राहिला. फुलवाल्या काकूंनी मला ती अशी सांगितली, जसं काही त्या दिवशी त्या तिथे दुकान लावून बसल्या होत्या.

बाहेरच्या भिंतीवर दगडात कोरलेले हत्ती आहेत, देव आहेत, आणि बायाच बाया. कुणी नाचते आहे, कुणी नुसती उभी आहे. बहुतेकींची नाकं गेलेली. त्या दिवशी मी त्यांचे दोन-तीन फोटो काढले आणि पुढे सरकले.

फाटकाजवळ सीताफळं घेऊन बायका बसल्या होत्या. पुण्यात सीताफळ किलोवर मिळतं, इथे वाट्यावर. एक ढीग म्हणजे एक वाटा. मी कॅमेरा वर केला तशी एक मावशी म्हणाली, "आधी वाटा घे, मग फोटू घे." मी घेतला. मग तिची शेजारीण म्हणाली, "अन् माझा काहून न्हाई?" असे पाच वाटे झाले. दोन पिशव्या सीताफळं घेऊन मी तांड्यावर पोचले. तिथे तर सीताफळाची झाडं डोंगरभर उभी आहेत. अजून सगळे त्यावरून हसतात.

तांडा

आमचा तांडा औंढ्यापासून शिरड शहापूरच्या रस्त्याला लागून आत, डोंगराच्या कुशीत आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरायचे. आता सगळ्यांची शेती आहे, आणि मी गेले तेव्हा प्रत्येक अंगणात सोयाबीन वाळत होतं. मी उतरले गुणाआजीकडे. गुणाआजी जमनाआजीची धाकटी सख्खी बहीण. दोघी बहिणी दोघा सख्ख्या भावांना दिलेल्या, म्हणून ती बाबांची मावशीही आणि काकीही. वय सत्तरीच्या पुढे. तिची सून ललिताकाकी घर सांभाळते.

गुणाआजीने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. मला वाटलं, आता म्हणणार, अगदी जमनी. गोष्टींमध्ये असंच असतं.

"हिच्यात आमचं काईच न्हाई," ती ललिताकाकींना म्हणाली. "आईवर गेली सारी."

"तुम्ही बाबांना लहानपणी..." मी सुरुवात केली.

"तुमी? मी काय तहसीलदार हाये का? तू म्हण. अन् आपल्या बोलीत बोल की."

घरी आम्ही गोरमाटी, ही आमची बंजारा बोली, बोलतो; म्हणजे आईबाबा बोलतात. मला सगळं कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की मराठी येते. हे मी सांगितलं.

"तांड्याचं लेकरू अन् तांड्याची बोली न्हाई. कॉलेजात काय शिकवून राहिले मग?" असं म्हणून तिने माझ्यासाठी मराठी सुरू केली. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची आमटी आणि लाल भुरका होता. भुरका म्हणजे तेलात परतलेलं लसूण-तिखट. पुण्यात मी तिखट खाणारी म्हणून प्रसिद्ध आहे. इथे दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ललिताकाकींनी गुळाचा खडा पुढे केला.

जेवल्यावर मी आजीच्या फोटोचं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर फिरून विचारलं. कुणाकडेच नव्हता. त्या काळी फोटो काढायला परभणी गाठावी लागायची, आणि जमनाआजी औंढ्यापलीकडे कधी गेली नव्हती. मात्र जो तो म्हणे, "गुणाबाईला बघ ना. दोघी सारख्याच होत्या. जुळ्या म्हणायचे त्यांना."

हे ऐकून मला एक कल्पना सुचली. पुढे जे झालं त्याचा दोष सगळा माझा आहे.

मी गुणाआजीला म्हटलं, कॉलेजसाठी तुझा फोटो हवाय. ती हो म्हणाली. पेटीतली आरशांची कांचळी, म्हणजे आमच्याकडची चोळी घातली, डोईवर नक्षीची ओढणी घेतली आणि पाण्याच्या पिंपाला टेकून बसली. मी छान उजेडात तिचा चेहरा टिपला. मग फोनमध्ये घेऊन त्यातल्या सुरकुत्या काढल्या, केस काळे केले, तिशीतली बाई केली. बाबांना तरी काय हवं होतं? एक चेहरा. तो मी नेणार होते. हे गुणाआजीला मी सांगितलं नाही, कारण कसं सांगावं ते कळेना. सांगता येत नाही तेव्हा ते करूही नये, हे मला आता कळतं.

फ्रेम

तिसऱ्या दिवशी सकाळी औंढ्याला जाऊन मी तो मोठा करून घेतला. फ्रेमवाल्या दादांनी फोटो पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कधी गेल्या?"

माझ्या डोक्यात जमनाआजीच होती. मी म्हटलं, "खूप वर्षं झाली."

"नाव?"

"जमनाबाई."

"तासाभरानं या."

तासाभराने त्यांनी कागदात गुंडाळलेली फ्रेम हातात दिली. काळीपिवळी जीप सुटायच्या बेतात होती, म्हणून मी न उघडताच पळाले. अंगणात ललिताकाकी म्हणाल्या, बघू तरी. त्यांनी कागद फाडला आणि "अगं बाई!" म्हणून किंचाळल्या. शेजारच्या दोन बायका धावत आल्या.

फ्रेमला चंदनाच्या सालीचा हार घातलेला होता. खाली सोनेरी अक्षरात 'कै. जमनाबाई' आणि वर गुणाआजी, तरणीबांड. आणि खुद्द गुणाआजी समोर बाजेवर बसून शेंगा सोलत होती.

मी नंतर फ्रेमवाल्यांना विचारलं तेव्हा त्यांनाच माझं नवल वाटलं. घरातल्या माणसाचा एवढा मोठा फोटो इथे दुसऱ्या कशासाठी करतात? आमच्या तांड्यातही भिंतीवर मोठा फोटो गेलेल्याचाच असतो. जिवंत माणसाचा असा फोटो करणं म्हणजे अपशकुनच. हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या पुण्यातल्या भिंतीवरही तसंच आहे.

गुणाआजीने फ्रेम मांडीवर घेतली. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

"लई सोपी मेले मी," ती म्हणाली. "तकलीफच न्हाई झाली काई."

बायका हसल्या. मी रडायला लागले आणि रडत रडत सगळं खरं सांगून टाकलं. बाबा नळाखाली थापी धूत काय म्हणाले तेही सांगितलं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने हार काढून बाजूला ठेवला.

"म्हंजे तुझ्या बापानं माझ्या फोटूला याडी म्हणून हात जोडायचे, अन् मी इथं जित्ती शेंगा सोलायच्या. अन् जमनी? ती कुठं गेली मग?" याडी म्हणजे आमच्या बोलीत आई.

"सगळे म्हणाले तुम्ही दोघी सारख्या होता."

"कोण सगळे? तुझ्या आज्याचे भाऊबंद? त्यांनी बघितला व्हय तिचा चेहरा?" आता तिला खरा राग आला होता. "लग्न होऊन आलो तवापासून घुंगट. हितपर्यंत. दोघींचा घागरा एक, ओढणी एक, चालणं एक. त्यांनी कपडे बघितले अन् म्हणले, सारख्या. ज्या बायांनी तोंड बघितलं त्या आता राहिल्या न्हाईत. मी एक राहिले."

मी डोळे पुसले. ती फ्रेमकडे पुन्हा बघायला लागली.

"माझ्या सुरकुत्या कुठं गेल्या?"

"मी काढल्या."

"गालावरचं गोंदण बी काढलंस."

"ते चुकून गेलं, आजी."

"ते बराबर केलंस. जमनीला गोंदण नव्हतंच. गोंदणारीन आली, मी बसले गपचूप. जमनी सुई बघून डोंगरात पळाली ती दिवस बुडता आली. याडीनं उलथन्यानं झोडपली तिला."

मी वही काढली. आजीबद्दलची खरी अशी ही पहिली गोष्ट मला कळली होती, आणि ती माझ्या चुकीतून निघाली होती. मी म्हटलं, अजून सांग. कशी दिसायची? तिने तोंड उघडलं, हाताने हवेत काहीतरी दाखवलं, पुन्हा मिटलं.

"बोलून न्हाई जमायचं. उद्या चल देवळात. दाखवते."

एवढ्यात ललिताकाकी ओरडल्या. बाजूला ठेवलेला हार बकरीने अर्धा खाल्ला होता.

भिंत

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी काळीपिवळीने औंढ्याला गेलो. जीपमध्ये गुणाआजीने सांगितलं, त्यांचा माहेरचा तांडा औंढ्याच्या अगदी जवळ. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दोघी बहिणी सीताफळाच्या पाट्या घेऊन देवळाच्या फाटकाशी बसायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंतीच्या सावलीत जायच्या आणि दगडातल्या बायांना नावं ठेवायच्या. खरीखुरी नावं, माणसांची.

दर्शन झाल्यावर तिने भिंतीला हात लावला आणि चालायला लागली. मी मागून कॅमेरा घेऊन.

"हा हत्ती, आमच्या तांड्याचा नायक. पोट बघ. ही आमची काकी, सदा रुसलेली. ही चाललीय ना, ही सावकारीण."

नांदेडकडचं एक जोडपं आमच्यामागे चालत होतं. थोड्या वेळाने त्यातल्या काकांनी मला हळूच विचारलं, "गाईड आहेत का या?" मी काही बोलायच्या आत गुणाआजी वळून म्हणाली, "व्हय. पुढं या, नवऱ्याला मारणारी दाखवते." मग ते शेवटपर्यंत आमच्याबरोबर होते.

मागच्या बाजूला, नंदीच्या अंगाला, ती थांबली.

"उभी अशी राहायची," ती एका मूर्तीकडे बोट करून म्हणाली. "एक पाय ढिला सोडून. पाटी डोईवर असली तरी अशीच. काढ."

मी काढला.

"पाय दिसला पाह्यजे की न्हाई? खाली बस ना." मी खाली बसून पुन्हा काढला. सरांनी तीन वर्षांत जे सांगितलं ते तिने एका वाक्यात सांगितलं.

चार पावलं पुढे दुसरी. "कपाळ हिचं. एवढं मोठं. याडी म्हणायची, भाकरी थापावी इतकं हाये." मग बराच वेळ शोधून, वर, जवळजवळ छज्ज्याखाली तिसरी. "हनुवटी. बघ, खळगी हाये का? तशीच." डोळे कुणातच सापडले नाहीत. दगडाचे डोळे सगळे अर्धे मिटलेले, आणि जमनीचे टपोरे होते, ती म्हणाली.

"आणि नाक, आजी? इथे तर सगळ्यांचीच फुटलीत."

"नाक कशाला शोधायचं? तुझ्या बापाच्या तोंडावर हाये ते. लहानपणी मी ओढायचे की. त्याला म्हणावं आरशात बघ."

मला ते बाबांना लगेच सांगावंसं वाटलं. दुपारची सुट्टी झाली असेल म्हणून तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. ते दोघं गोरमाटीत बोलले. मी इथे मराठीत लिहिते आहे. बाबांनी आधी नाकाचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, ती हसायची का गं?"

गुणाआजीने भिंतीकडे पाहिलं. इकडून तिकडे, सगळी ओळ. "हसणारी एक बी न्हाई रे इथं." मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "हसणं मात्र दोघींचं एक. बाकी काई एक नव्हतं, पण हसणं होतं. अंगणात आमी खिदळलो की याडी घरातून ओरडायची, कोण हसून राहिलं गं, जमनी का गुणी? तिच्या पोटच्या लेकी, तिला बी कळायचं न्हाई."

मी कॅमेरा उचलला. "मग हस ना, आजी."

तिने दात दाखवले. ते हसणं नव्हतं. नांदेडच्या काकांनी एक विनोद सांगून पाहिला, तोही लागू पडला नाही.

"सांगून हसू येत असतं का?" ती वैतागली.

फोनमधून बाबांचा आवाज आला. कालचा प्रकार मी त्यांना रात्रीच कळवला होता. "मावशी, हार तरी बरा होता का तुला घातलेला?"

"बकरीनं खाल्ला रे!"

"मग आता बकरीला काय म्हणायचं, कैलासवासी?"

आणि गुणाआजी हसली. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलले, मग एकदम उंच, पाखरं उडावीत तसं, आणि शेवटी श्वास आत ओढताना एक बारीक किंकाळी. ती भिंतीला टेकली. मी बटण दाबत राहिले. त्यातले बहुतेक फोटो हललेले आहेत.

हसणं थांबल्यावर लक्षात आलं, की फोनमधून काहीच येत नाही. मला वाटलं लाइन तुटली. पण मागे कुठेतरी सिमेंटचा मिक्सर फिरल्याचा आवाज येत होता.

"बाबा?"

"मावशी," ते म्हणाले. "हे मी ऐकलेलं हाये. अजून एकदा हस."

गुणाआजीने ओढणीने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, मला कळलं नाही.

"फोनवर न्हाई," ती म्हणाली. "दिवाळीला इकडं ये. समोर बस, मग हसते."

बाबा सोळा वर्षांत तांड्यावर गेलेले नाहीत. त्यांचं तिकीट मी काल काढलं. खिडकीची जागा मिळाली नाही. ते म्हणाले, चालेल.